हिरव्या खुणेचा अर्ज

आपली पोरगी नक्की काम काय करते, हे निवृत्ती गांगुर्ड्यांना तीन वर्षांत काही उमगलं नव्हतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरपुढे उभं आयुष्य काढलेला माणूस. त्यांच्या लेखी कामं दोनच, मशीन चालवायचं नाहीतर मशीन दुरुस्त करायचं. चालवणाऱ्याकडे टक लावून बघत बसायचं आणि तो अडला तरी तोंड उघडायचं नाही, याला कोण शहाणा पगार देतो, असं ते दर चार दिवसांनी जेवताना विचारायचे. प्रतिभा म्हणायची, पप्पा, याला संशोधन म्हणतात. असेल बाई, म्हणून पप्पा भाताकडे वळायचे.

पण काम खरंच तेवढंच होतं. कॉलेज रोडला एका दातांच्या दवाखान्याच्या वर कंपनीच्या दोन खोल्या. एकीत टेबल, टेबलावर फोन, आणि त्या फोनवर रोखलेला कॅमेरा. दुसरीत सुयश, म्हणजे तिचा साहेब, तिच्याच वयाचा, पडद्यावर सगळं बघणारा आणि तिच्या कानातल्या बटणातून कुजबुजणारा. माणसं एकेक करून बोलवायची, फोनवर काहीतरी करायला सांगायचं, आणि बोट कुठं जातं, कुठं अडखळतं, ते टिपून घ्यायचं. अडखळला तर दोष माणसाचा नाही, फोनमधल्या पानाचा, हे या धंद्यातलं पहिलं वाक्य. प्रतिभाला ते मनापासून आवडायचं. तिच्या आईला बँकेतल्या मशीनपुढे लोकांनी 'आजी, सरका' म्हटलेलं तिनं ऐकलं होतं.

नियम दोन होते. मदत करायची नाही, कारण घरी तो माणूस अडेल तेव्हा तुम्ही तिथं नसणार. आणि शाबासकी द्यायची नाही. एकदा 'छान' म्हणालात की तो फोन सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो, मग झालं, चाचणी पाण्यात. पहिला नियम प्रतिभाला फार जड गेला. हात आपोआप पुढे व्हायचे. म्हणून ती दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसायला लागली, आणि ती सवय जडली ती जडलीच.

त्या जुलैत काम आलं होतं वसतिगृहाच्या अर्जाचं. डोंगरातल्या गावांतली मुलं दहावी होऊन शहरात शिकायला येतात, त्यांनी सरकारी वसतिगृहात जागा मागायची तर अर्ज वेबसाइटवर भरायचा. ती वेबसाइट म्हणजे नुसता वैताग. अर्धी माणसं मधेच सोडून द्यायची. म्हणून नवीन, सोपं ॲप करायचं ठरलं आणि त्याआधी लोकांना ते वापरता येतं का हे बघायचं ठरलं. सुयशच्या टीमनं ॲपचा नमुना बनवला. दिसायला हुबेहूब खरा. बटणं दाबली जातात, पानं उलटतात, शेवटी हिरवी खूण येते आणि खाली 'अर्ज स्वीकारला'. मागे मात्र काही नाही. दुकानाची पाटी झगझगीत आणि शटर उघडलं तर भिंत, तसला प्रकार.

माणसं जमवायचं काम पेठकडच्या राजूकडे होतं. त्यानं गावागावांत काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल. वसतिगृहाच्या अर्जाचं काम आहे, नाशिकला चला, जाण्यायेण्याची गाडी आहे आणि वर एक छत्री मिळेल. यात खोटं एक अक्षर नाही. हेच तर वाईट झालं.

सातव्या नंबरला भागीबाई आल्या. पेठच्याही पुढे, घाटाखालच्या पाड्यावरच्या. शिक्षण चौथी. भाताची आवणी अर्धी टाकून आल्या होत्या, हातांच्या बोटांना चिखलपाण्यानं चिरा पडलेल्या. भर आवणीत भाताची रोपं बांधावर ठेवून माणूस नमुना बघायला येतो का, हा प्रश्न प्रतिभाला पडायला हवा होता. पडला तो दोन महिन्यांनी.

सुरुवातीला कागद वाचायचा असतो, तो तिनं वाचला. ही फक्त चाचणी आहे, हा अर्ज प्रत्यक्षात सादर होणार नाही, आपण कधीही थांबू शकता. सुयशनं इंग्रजीवरून उतरवलेली शुद्ध मराठी. भागीबाईंनी मान डोलावली आणि एकेक अक्षर कोरत सही केली. मग प्रतिभानं दुसरा कागद वाचला.

"समजा, तुमच्या मुलीला वसतिगृहात जागा हवी आहे. तिचा अर्ज भरा."

"समजा कशाला?" भागीबाई म्हणाल्या. "हवीच हाय."

कानातल्या बटणात सुयश हसला. प्रतिभालाही हसू आलं. खरंच, किती गोड बाई आहे असं तिला वाटलं, आणि वाटून ती पुढे गेली.

भरायला एक कार्ड दिलेलं असायचं, कोणा काल्पनिक मुलीचं नाव, गाव, टक्के. भागीबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं, ही कोणाची पोर म्हणून विचारलं, आणि बाजूला ठेवलं. पदरातून प्लॅस्टिकची पिशवी निघाली, पिशवीतून त्यांच्या मुलीची, पल्लवीची गुणपत्रिका, घडी घालून मऊ झालेली. प्रतिभा थांबवणार होती. सुयश कानात म्हणाला, थांबवू नकोस, स्वतःची माहिती असली की माणूस खरा वागतो, नावं आपण नंतर झाकू. तिनं थांबवलं नाही. तळवे मांडीखाली घालून बसली.

चाचणीत माणसाला सांगतात की मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. बहुतेकांना ते जमत नाही, चोरट्यासारखे गप्प होतात. भागीबाईंना काय सुंदर जमलं! एकेक रकाना भरत त्या फोनशीच बोलत होत्या. आता हिचं नाव. आता हिचे टक्के, एकाहत्तर पडलेत बरं. आता बापाचं नाव टाकू. दिवाळीनंतर आम्ही सगळी द्राक्षाच्या बागेत कामाला जातो, पिंपळगावकडं, पण हिला न्यायची नाय. हिला शिकायची हाय. आता हे खालचं दाबू का? दाबते. त्या बोलत होत्या आणि प्रतिभा त्यांचं बोट बघत होती. कुठं अडतंय, कुठं थांबतंय. कुठंच अडलं नाही. चार मिनिटं दहा सेकंदांत हिरवी खूण आली.

भागीबाईंनी फोन उचलून कपाळाला लावला. मग पडद्यावरचा अर्ज क्रमांक गुणपत्रिकेच्या मागे पेन्सिलीनं उतरवून घेतला आणि प्रतिभाकडे बघितलं.

आधीच्या सहा जणांत एकालाही धड जमलं नव्हतं. एक पदवीधर मधेच उठून गेला होता. आणि ही चौथी शिकलेली बाई, चिरा पडलेल्या बोटांनी, एक चूक नाही. प्रतिभाचा ऊर भरून आला. तीन वर्षांत दुसरा नियम तिनं कधी मोडला नव्हता, तो तिच्या तोंडून तेव्हा मोडला.

"छान. खूप छान केलंत, मावशी."

भागीबाईंचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. छत्री घेतली, खोलीतल्या खोलीत उघडून बघितली आणि गेल्या.

ती चित्रफीत ऑफिसात सगळ्यांनी डोक्यावर घेतली. मुंबईहून मोठे साहेब आले त्यांना तीच दाखवली. चौथी पास महिला, शून्य चुका. फोन कपाळाला लावते तिथं टाळ्या पडल्या. प्रतिभानंही वाजवल्या.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दारात तीच छत्री दिसली. भागीबाई आणि मागे एक उंच, सावळी, दप्तर पोटाशी धरलेली मुलगी. पल्लवी. अकरावी सायन्सला प्रवेश झाला होता, कॉलेज सुरूही झालं होतं. दोन महिने ती पंचवटीत एका ओळखीच्या घरी, तीन मुलींच्या खोलीत चौथी म्हणून राहत होती. ती खोली महिनाअखेर सुटणार होती. पण काळजी नव्हती, कारण वसतिगृहाचा अर्ज भरलेला होता. यादी लागली. त्यात नाव नव्हतं. वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं, जिथं भरला तिथं विचारा. म्हणून त्या इथं आल्या होत्या. यात रागाचा लवलेश नव्हता. काहीतरी राहिलं असेल, ताई बघून देतील, एवढंच.

भागीबाईंनी गुणपत्रिका उलटी करून पुढे केली. पेन्सिलीचा आकडा होता ७८०४४१. हा आकडा प्रतिभाला तोंडपाठ होता. कोणी काहीही भरलं तरी नमुन्यात शेवटी हाच आकडा यायचा, शेवटपर्यंत पोचलेल्या सगळ्यांना हाच आला होता.

तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगायला सुरुवात केली. हे सांगणं सोपं नव्हतं. तो अर्ज खरा नव्हता, मावशी. म्हणजे अर्ज दिसायला तसाच, पण तो कुठं जात नव्हता. आम्ही फक्त बघत होतो की जमतंय का. भागीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"पण जमलं ना," त्या म्हणाल्या.

जमलं, प्रतिभा म्हणाली. जमलं, पण ते खोटं होतं.

भागीबाईंनी विचार केला. मग समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या, तोच फोन परत दे, मी परत भरते, त्याच्यावर नीट होतंय. पल्लवी खाली मान घालून बसली होती. तिला कळलं होतं. आईला कळायच्या आधी तिला कळलं होतं आणि ती आईचा पदर हळूच ओढत होती.

प्रतिभानं खरी वेबसाइट उघडली. तीच जुनी, वैतागाची. बारा मिनिटांनी पान उघडलं ते एका ओळीचं. अर्ज भरण्याची मुदत संपली आहे. एकतीस जुलै. म्हणजे भागीबाई या खोलीतून छत्री घेऊन निघाल्या तेव्हा तब्बल नऊ दिवस हातात होते. नऊ दिवस खरा अर्ज भरायला उघडा होता, आणि तो भरायचा राहिला, कारण तो भरून झाला होता.

सुयश बाहेर येऊन दारात उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, त्याचं तोंड उतरलं होतं. पण बोलला ते असं की संमतीपत्रावर सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि सही आहे. प्रतिभानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पर्स उचलली आणि दोघींना रिक्षात घालून थेट अर्ज तपासतात त्या कार्यालयात गेली.

तिथला क्लार्क भला माणूस निघाला, आणि त्यानं तर जास्तच पंचाईत झाली. ओरडला असता, हाकललं असतं, तर भांडता तरी आलं असतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आकडा टाकून बघितला, असा अर्जच नाही. उशिरानं अर्ज घ्यायची सोय आहे का, प्रतिभानं विचारलं. त्यानं आपला पडदा तिच्याकडे वळवला. 'नवीन अर्ज' असं बटण होतं, राखाडी पडलेलं.

"मॅडम, तुम्ही यातल्याच ना?" तो म्हणाला. "तुम्हीच सांगा, कुठं दाबू?"

राखाडी बटणाचा अर्थ प्रतिभाइतका त्या कार्यालयात कोणाला माहीत असणार! ते दिसतं, पण दाबलं जात नाही. वापरणाऱ्याला उगाच आशा लागते म्हणून ते दाखवूच नये, असं तिनंच एका अहवालात लिहिलं होतं. तरी तिनं माउस हातात घेतला आणि एकदा दाबून बघितलं. मग परत एकदा. साहेबांना भेटली, साहेब म्हणाले वरून तारीख उघडली तरच. वर फोन लावला, वरच्यांनी पत्र द्या म्हटलं. तिनं तिथंच बाकावर बसून पत्र लिहिलं, त्यावर शिक्का बसला आणि ते एका गठ्ठ्यावर गेलं. गठ्ठा चांगला वीतभर होता.

बाहेर पायऱ्यांवर तिघी बसल्या. चार वाजले होते. प्रतिभा म्हणाली, पल्लवी माझ्याकडे राहील. मनापासून म्हणाली. भागीबाईंनी विचारलं, किती दिवस? दोन वर्षं शिक्षण हाय. आणि त्या क्षणी प्रतिभाच्या डोळ्यांपुढे नाशिक रोडचं घर आलं. दोन खोल्या, आईपप्पा, भाऊ, वहिनी, आठ महिन्यांचं बाळ, आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घालणारी ती स्वतः. ती राहील हो, असं म्हणायला तिला एक श्वास उशीर झाला. एकच. पण ज्या बाईनं फोनशी बोलत अर्ज भरला, तिला माणसाचा श्वास कळत नाही होय?

"नको बाय," भागीबाई म्हणाल्या. "पोरीची जात, दुसऱ्याच्या घरात किती दिस ठेवू."

रस्त्यावरून कॉलेज सुटलेल्या मुली सायकली ढकलत, खिदळत चालल्या होत्या. पल्लवी त्यांच्याकडे बघत नव्हती, मुद्दाम दुसरीकडे बघत होती. भागीबाईंनी छत्रीची दोरी गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"मी चुकले आसन," त्या शेवटी म्हणाल्या. "तू कागद वाचलास, माझ्या ध्यानात हाय. चाचणी म्हणालीस. पण मग झाल्यावर तू छान का म्हणालीस?"

प्रतिभानं त्यांचा चिरा पडलेला हात हातात घेतला. चुकलं माझं मावशी, म्हणाली आणि रडली, भर रस्त्यात, त्या मुलींसमोर. भागीबाईंनी उलट तिच्याच पाठीवरून हात फिरवला. ते तिला जास्त लागलं.

पल्लवीनं डोळे कोरडे ठेवून दोनच गोष्टी विचारल्या. पुढच्या वर्षी अर्ज कधी सुटतात, आणि मधे वर्ष गेलं तर चालतं का. चालतं, जूनमध्ये सुटतात, प्रतिभा म्हणाली, सुटले की त्याच दिवशी मी फोन करीन, मी स्वतः येऊन भरीन. तिनं तिथल्या तिथं मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवली. पल्लवीनं आपला नंबर सांगितला आणि मग म्हणाली, "पण ताई, जूनमध्ये आम्ही बागेतून पाड्यावर आलेलो असतो, तिथं रेंज नसते."

पाचच्या पेठ गाडीत त्या दोघी बसल्या. पल्लवीला महिनाअखेरपर्यंत इथं ठेवून आता उपयोग नव्हता, तिचं दप्तर सोबतच होतं. खिडकीतून भागीबाईंनी हात केला. गाडी गेल्यावरही प्रतिभा फलाटावर उभी होती.

रात्री घरी येऊन तिनं ती चित्रफीत लावली, टाळ्या पडलेली. या वेळी बोट न बघता आवाज ऐकला. सगळं होतं त्यात. आवणी टाकून आलेय. समजा कशाला, हवीच हाय. हिला न्यायची नाय. आणि हिरवी खूण आल्यावर, फोन कपाळाला लावताना, अगदी हळू, 'सुटली बाय पोर माझी.' मोठ्यानं बोलत राहा असं आपणच सांगितलं होतं. त्या बोलत राहिल्या होत्या. त्यानंतर चित्रफितीत प्रतिभाचा स्वतःचा आवाज आला, आनंदानं भरलेला, तो तिनं पुरता ऐकला नाही. पप्पा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, काय गं, मशीन बिघडलं का? नाही पप्पा, मशीन चांगलं चाललंय, ती म्हणाली. अहवालात भागीबाईंचं नाव 'यशस्वी'च्या रकान्यातून काढायचं म्हणून तिनं सुयशला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की रकाने दोनच आहेत, काम पूर्ण केलं आणि काम पूर्ण केलं नाही, आणि भागीबाईंनी पूर्ण केलं आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला नवी फेरी होती. सुरगाण्याकडून अक्काबाई नावाच्या एक बाई आल्या होत्या. पदरात प्लॅस्टिकची पिशवी. प्रतिभानं कागद बाजूला ठेवला. कानातलं बटण काढून टेबलावर ठेवलं. खुर्ची पुढे ओढली, अक्काबाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि साध्या, घरच्या बोलीत सांगितलं की मावशी, हे खोटं आहे. यात तुम्ही काहीही भरलं तरी तुमच्या पोराला जागा मिळणार नाही. हे खेळातलं आहे. खरा अर्ज वेगळा, त्याची तारीख होऊन गेली. कळलं ना? तिनं तीनदा सांगितलं.

अक्काबाईंनी शांतपणे मान डोलावली, भागीबाईंनी डोलावली होती अगदी तशीच. मग त्यांनी पिशवीतून घडी घातलेली गुणपत्रिका काढली, टेबलावर हातानं सपाट केली आणि विचारलं, "आता सुरू करू का?"